कोट

व्हॅन नाइजच्या गॅरेजात
अर्लीनबाईंनी जपलाय गुप्तहेराचा कोट:
डाव्या कोपराला ठिगळ, खिशात
कुठल्याशा भागातलं उरलेलं मीठ.

स्टुडिओतला पोरगा विचारतो,
"मालिका पुन्हा काढतोय. द्याल?"

बाई म्हणतात, आमचं भूत म्हणजे
डेल्बर्ट, ओली गोणी पांघरलेला.
पैसे नव्हते, म्हणून दिवा विझवायचो.
लोक अंधारालाच घाबरले.

तुम्ही तर सगळंच दाखवाल.

आणि त्याचं काय, ज्याच्यावर
कुणीच विश्वास ठेवायचं नाही?
दर शुक्रवारी पुरावा जळायचा.
आता खिशाखिशात कॅमेरा, पुरावे ढिगाने,
विश्वास तेवढाच.

पोरगा गप्प.
बाई कोट झटकतात. मीठ सांडतं.
"नव्या माणसाला बाही आखूड पडेल,"
म्हणतात, आणि दोरा शोधायला
आत जातात.