शेऱ्याचा रकाना

सकाळी साडेआठला मापक उघडायचा,
पाणी काचेच्या नळीत ओतायचं,
डोळा पाण्याच्या रेषेशी आणून
आकडा लिहायचा.
एवढंच काम.
शेजारी एक रकाना असतो, शेरा म्हणून.
त्यात काय लिहायचं ते अकरा वर्षांत कोणी सांगितलं नाही.

भादव्यातला मंगळवार. एकशे बेचाळीस.
शेरा: पोटरीला तीन जळवा.
दोन तंबाखूच्या पाण्यानं सुटल्या,
तिसरी जेवूनच उठली.

बुधवार. एकशे सात.
धुक्यात कुंपणाचे खांब चारच दिसले.
पाचवा आठवणीवर लिहितो.

नवजाच्या वरच्या अंगाला दुपार अशी नसतेच.
सकाळ लांबत जाते आणि एकदम दिवे लागतात.
काड्यापेटी तांदळाच्या डब्यात झोपते,
चपलांना बुरशी येते, वहीला पोट सुटतं,
सदरे चुलीवर वाळून धुरकट होऊन अंगावर येतात.
काल रात्री हौसानं हाक मारली,
पडवीतल्या ओल्या लाकडांना फिकट उजेड फुटला होता.
ती म्हणाली, आता ही चुलीत कशी घालू?
दोघं बघत बसलो. भात लागला.

धाकलू झोरे दूध घालायला येतो, त्याच्याकडे बातम्या.
जांभळीच्या ढोलीत खेकडा ऱ्हातुया, म्हणाला,
वढ्याला भाडं लय झालं आसंल.
तेही लिहिलं. भाड्याचं नाही, खेकड्याचं.

शनिवारी रात्री जमिनीनं कूस बदलली.
फळीवरच्या ताटल्या वाजल्या,
बेडूक एकाच वेळी गप्प.
मी नऊ श्वास मोजले,
मग खाचरातून एकानं सुरुवात केली
आणि आम्ही पुन्हा झोपलो.

कराडहून कणसे साहेब आले, वही चाळली.
सपकाळ, ढग लिहा, वारा लिहा.
बेडूक कशाला?
बरं म्हणालो.
त्या दिवशीचा शेरा: ढग, पूर्ण. वारा, पश्चिमेचा.
साहेबांच्या छत्रीच्या घडीत एक हिरवा बेडूक,
उंब्रजला तरी उतरला असावा.

शीळकरी कस्तूर अजून पहाटे तीच शीळ शोधतो,
अर्ध्यावर सोडतो,
कोणीतरी दारात आल्यासारखा.
याचा आकडा होत नाही.

आश्विनात एकदा बाटली हलकी लागली.
वर पाहिलं तर मापकाच्या तोंडावर कोळ्यानं जाळं ताणलेलं
आणि रात्रीचं धुकं त्यात थेंब थेंब अडकलेलं.
जाळी काढावीत असा नियम आहे.
ते थेंब कोणाच्या हिशेबात धरायचे,
याचा नियम नाही.
उन्हं कुंपणाच्या पाचव्या खांबापर्यंत येईस्तोवर
हातात काडी घेऊन उभा राहिलो.

शून्य, असं लिहिलं.
शेरा: लेशमात्र. कोळ्याकडे जमा.