पाठी

एरवेलीनची पाठ मला पाठ आहे.
डावा खांदा जरा उतरलेला, कमरेवर तीन खिसे,
मधल्यात घडी घातलेला रेनकोट,
उजव्यात खारट लोण्याचा केक, कागदात गुंडाळलेला.
अकरा वर्षं झाली.
डोळ्यांचा रंग विचाराल तर मात्र
थांबून बघावं लागेल.

पहाटे चारला आम्ही सात जण कारेच्या चौकातून निघालो.
सहाशे किलोमीटर, चाळीस तास.
ब्रिटनीत वारा पश्चिमेकडून येतो, असं शाळेत शिकवतात.
सायकलवर तो समोरूनच येतो.

पुढच्याचं चाक आणि माझं चाक, मधे वीतभर जागा.
त्या वितीत सगळं आलं.
पुढचा वारा खातो, आपण त्याच्या आडोशाला घोटभर पाणी पितो,
मग त्याचं कोपर हलतं, तो बाजूला होतो,
रांगेच्या शेपटाला जाऊन लागतो,
आणि आता वारा तुझा.
बोलायचं कोणी नाही. दम परवडत नाही.
रस्त्यात खड्डा आला की पहिल्याचा हात खाली जातो,
मग दुसऱ्याचा, तिसऱ्याचा,
खड्डा हातोहात शेवटपर्यंत पोचतो
आणि कोणाच्याच चाकाखाली येत नाही.

मेंदूला दुसरं काम नसलं की तो वही उघडून बसतो.
मेने-होमच्या चढापर्यंत माझ्या पाळ्या नऊ.
एरवेलीन अकरा. गोलव्हेन आठ, पण चढाच्या.
तुग्दुआल दोन.
दोन!
मांड्या जळत होत्या त्या चढामुळे की या आकड्यामुळे,
देव जाणे.

रात्री अकराला करंगळ्या मुक्या झाल्या.
केळं सोलता येईना.
गोलव्हेनने दातांनी देठ तोडून दिला,
मी लहान मुलासारखी खाल्लं, साल कुठे टाकली आठवत नाही.
सात आठे किती, हेही आठवेना.
मनातल्या मनात पाढा सातावर अडे, पुन्हा सुरू.

मग आरेचं माळरान. घर नाही, झाड नाही.
समोर सहा लाल दिवे, नंतर चार, नंतर एकच लांबट.
रस्त्यात गाय बसलेली दिसली. ती नव्हती.
मी आठवडाभर शाळेची बस चालवते;
तीच चाळीस मुलं आता माझ्या पाठी
ओरडत होती: थांबा, थांबा, आमचं गाव गेलं!
मी खरंच ब्रेककडे बोटं नेली.

आणि मागून तुग्दुआलचा आवाज,
अगदी दुकानातला, गल्ल्यावरचा:
"दीड इंची खिळे, शेकडा.
बिजागऱ्या पितळी, जोडी.
हिरवा रंग पाच लिटर, तो संपलाय, बुधवारी या."
असा तो उजाडेपर्यंत लोखंडी सामान मोजत राहिला.
मला जागं ठेवायला की स्वतःला,
विचारलं नाही.
वही मिटली, असं मी म्हणणार नाही.
त्याच्या दोनाचे तेवढे तीन केले.

शेवटी एका लांब टेबलाभोवती बसवलं आम्हाला, समोरासमोर,
सूपाच्या वाडग्यांवर वाकलेले सात अनोळखी चेहरे.
मिठाने पांढरे. कोणाला कुठे बघावं कळेना.
एरवेलीनचे डोळे करडे आहेत.
तीही माझ्याकडे बघत होती, पहिल्यांदाच भेटल्यासारखी,
मग म्हणाली, "तुझा सॅडल अर्धा सेंटीमीटर खाली घे."

सोमवारी नवऱ्याने गणवेशाची बटणं लावून दिली.
बसमध्ये नेहमीचा गोंधळ, कोणाचा तरी डबा सांडलेला.
चर्चच्या वळणावर खड्डा आला
आणि माझा डावा हात आपसूक
खिडकीबाहेर गेला, खाली,
मागच्यासाठी.

मागे दुधाचा टँकर होता.