बोअरचं पाणी

उद्यमनगरातल्या आमच्या बोअरच्या पाण्यात
डाळ शिजत नाही, साबणाला फेस नाही.
आफ्रिकेतल्या या माशांना मात्र
तेच मानवलं.

लेथवरून सुटलो की काचेपुढं बसतो.
निळा नर वाळू उपसतो,
जो दिसेल त्याच्यावर धावून जातो,
नव्यानं तालमीत घातलेल्या पोरागत.
पिवळी मादी अठरा दिवस
तोंड मिटून. दाण्याकडं वळत नाही.

"आजारी हाय," मी म्हटलं.
मालन पिठाच्या हातानंच वाकली.
"गालफडं बघा की वो!
पिल्लं हाईत तोंडात."

रविवारी, जोतिबाच्या वाटेवरनं आणलेल्या
काळ्या दगडाआड
तिनं तोंड उघडलं.

एक, दोन... अकरापर्यंत आलो.
मालननं मनगट धरलं.
"मोजू नगासा."