अंगठा

की लार्गोच्या धक्क्यावर ओडालिस म्हणाली,
बोटीत चढण्याआधी हात शिकून घ्या.
तर्जनी आणि अंगठ्याचं वर्तुळ: ठीक आहे.
तळवा आडवा हलला: काहीतरी बिनसलंय.
अंगठा वर, म्हणजे शाबास नव्हे.
अंगठा वर, म्हणजे वर.
कोणीही दाखवावा, केव्हाही दाखवावा,
खाली कारण विचारायचं नाही.

आमच्याकडे अंगठा दाखवतात पैसे बुडवणारे.
तरी मी मान डोलावली. त्यानेही.

नाव दिगंबर,
आणि अंगावर गळ्यापर्यंत तीन मिलिमीटर रबर.
एकसष्टाव्या वर्षी टँपाच्या तलावात शिकलेला,
नंबरची काच घालून मास्क करून घेतलेला,
मनगटावर दोन घड्याळं,
एक बंद पडलं तर.

पहिली बुडी प्रवाळावर.
मला पोवळं माहीत होतं ते अंगठीतलं,
मंगळ निवावा म्हणून सासूबाईंनी
त्याच्या बोटात घातलेलं,
मसुराएवढं, लाल, मुकाट.
इथे ती सांबरशिंगांची झाडी,
आणि तिच्यातली अर्धी पांढरीफेक.
मी तीस वर्षं लोकांचे दात साफ केले आहेत,
पांढऱ्याला भुलत नाही.
पाणी तापलं, ओडालिस सांगत होती,
बाळाला न्हाऊ घालावं इतकं.
पांढरं म्हणजे मेलेलंच असं नाही,
उपाशी असतं.
एक पोपटमासा खडक फोडून खात होता,
पाण्यात आवाज स्वच्छ येतो,
शेजारच्या खोलीत कोणी खडीसाखर चावतंय तसा.

दुसरी बुडी जहाजावर.
‘मार्था डेल’, नव्वद फूट.
तिच्यात कोणी मेलं नव्हतं.
तेल उपसून, दारं कापून काढून,
बँड लावून बुडवलेली.
त्यामुळे भीती वाटायचं कारण नव्हतं,
असं मी दोरी धरून उतरताना
स्वतःला सांगत होते.

खाली लाल रंग टिकत नाही.
त्याचे लाल फिन्स आधी तपकिरी, मग काळे.
बोटातला मसूर
उडीद होऊन बसला.

कठड्यावर स्पंज, शिडीवर समुद्रपंखे,
आणि इंजिनरूमच्या दारात
म्हशीच्या रेडकाएवढा एक मासा,
जागचा न हलणारा,
पाहुण्यांना ‘या’ही न म्हणणारा आणि ‘जा’ही.
दिगंबर त्याच्यासमोर थांबला.
बराच वेळ.
बुडबुडे तेवढे वर जात राहिले.
मग वळून त्याने मला अंगठा दाखवला.

पंधरा फुटांवर तीन मिनिटं थांबावं लागतं,
रक्तातली हवा निवळेपर्यंत.
तीन मिनिटांत मी त्याचे सगळे रिपोर्ट वाचले,
छातीचा, साखरेचा,
मुलीला फोन केला, विमा शोधला,
त्याच्या सिलिंडरचा काटा पाहिला: अर्ध्याच्या आसपास.
डोळ्यांनी विचारलं.
त्याने वर्तुळ करून दाखवलं.
ओहोटीत दोरीवरच्या आम्ही दोन ओल्या चिंध्या.

बोटीवर ओडालिसने अननसाच्या फोडी दिल्या,
एक शब्द विचारला नाही.
मीही नाही.
नियम खालचा होता, तरी.

रात्री मोटेलच्या कठड्यावर
दोन रिकामे सूट ठिबकत होते,
आमच्यापेक्षा जास्त सरळ उभे.
तो घड्याळं गोड्या पाण्यात धूत होता.
म्हणाला, फार बरं वाटत होतं गं.
मग?
म्हणजे फारच.
आतून कुणीतरी हळू आवाजात पत्ते पिसतंय,
आपला डाव राखून ठेवलाय,
आणि उशीर झालाय असं वाटेचना.
आयुष्यात पहिल्यांदा
उशीर झालाय असं वाटेना,
तेव्हा घाबरलो.

त्याने घड्याळं पुसून उशाशी ठेवली.
अंगठीतला मसूर पुन्हा लाल.
मी दिवा मालवला.
थोड्या वेळाने त्याचा हात चाचपडत आला
आणि माझा अंगठा धरून राहिला,
वर नाही, खाली नाही,
धरून.

उद्या सकाळी आठची बोट आहे.
जायचं की नाही, ठरलेलं नाही.