वीस मिनिटांचा थांबा

लाँचवर फ्लेक्स होता : ‘तापी क्रूझ’.
खाली बारीक अक्षरांत,
किनारा-सहल, शूटिंगदर्शन, भरीत-भाकरीसह
माणशी साडेचारशे.
बाबा म्हणाले, लाँचला क्रूझ म्हटलं
की शंभर रुपये वाढतात काय?

हतनूरच्या फुगवट्यात पाणी हलत नव्हतं.
इंजिनाला जुना खोकला.
काठाला केळी, केळी, पुन्हा केळी,
मध्येच बुडालेल्या बाभळीच्या शेंड्यावर
पंख वाळत घालून बसलेला पाणकावळा.
लाइफ जॅकेटांवर आकडे होते. बाबांना अठरा आला.
छातीवर नंबर घेऊन ते ताठ बसले,
जणू कुणी हजेरी घेणार होतं.

सुपडू सपकाळे, कॅबिनमन, भुसावळ.
चौतीस वर्षं लोखंडी दांडे ओढून
उजवा खांदा डाव्याहून दोन बोटं खाली आलेला.
गाड्या किती पाठवल्या त्याचा हिशेब नाही,
स्वतः बसले त्या मात्र
मला बोटांवर सांगता येतील.

काठ आला. लाँचवाला युवराज ओरडला,
“वीस मिन्टं! भोंगा वाजला की परत!”
फळीवरून उतरलो, एरंडाच्या झुडपांतून चढलो
आणि समोर रेल्वे स्टेशन.

पिवळी पाटी, काळी अक्षरं : सोनबर्डी.
समुद्रसपाटीपासूनची उंचीसुद्धा लिहिलेली.
दगडी भिंतीवर टकटक केली तर प्लायवूड बोललं.
घड्याळात सव्वादहा, आम्ही आलो तेव्हा
आणि निघालो तेव्हाही.
चहाच्या स्टॉलवर बरणीत खरी बिस्किटं,
म्हणून मुंग्याही खऱ्या.
बायका तिकीटखिडकीत डोकं घालून फोटो काढत होत्या.
एक पोरगा विचारत फिरला, हिरो कुठंय, हिरो कुठंय?
हिरो छत्रीखाली चपला काढून कलिंगड खात होता.

बाबा सिग्नलखाली. मान वर.
बराच वेळ.
“हात पडलेला, आन् काच लाल.
असं नसतं, बाई.
हात पडला की हिरवं. आडवा असला की लाल.
हा सिंगल दोन तोंडांनी बोलून राह्यला.”

हे ऐकलं एका मुलीनं, कानात वायर, हातात रंगाचा डबा.
तिनं माणसं बोलावली. शिडी आली. काच बदलली.
बाबांना खुर्ची मिळाली, कपभर चहा, मग निळा कोट,
मग कुणाच्या तरी डोक्यातली कल्पना :
काका, झेंडा तुम्हीच दाखवा ना. हिरवा. एकच शॉट.

काठीवर बोटं आपोआप बसली.
बाबांनी रुळांकडे पाहिलं.
रूळ चाळीस पावलं गेले होते
आणि तुरीत संपले होते.
तिथं एक शेळी.

“पुढं लाईन नाही,” ते म्हणाले.
“काका, गाडी नंतर कॉम्प्युटरवर येणारे.”
“येईल ना. मग जाईल कुठी?”

कोणीतरी हसलं.
दिग्दर्शक मनगटावरचं घड्याळ बघत होता, ते चालू होतं.
खाली लाँचचा भोंगा.
बाबांनी हिरवा काखेत धरला,
लाल उलगडला,
आणि उभे राहिले
डिसेंबरच्या धुक्यात उभे राहायचे तसे,
मोटरमनला दिसेल एवढा हात बाहेर काढून.

कॅमेरा चालू होता की नाही, मला माहीत नाही.
पण सगळे थांबले.
हिरोच्या हातातली फोड हातातच.
शेळी तेवढी सावकाश रूळ ओलांडून गेली.

परतताना भरीत गार झालं होतं.
शिखर नसलेलं चांगदेवाचं देऊळ
उन्हात एका बाजूनं उजळलं.
मी विचारलं, दाखवला असता हिरवा, तर काय झालं असतं?
“काही नाही.”
त्यांनी पाण्यात बोटं सोडली.
“काहीच झालं नसतं.”
आणि जरा वेळानं, इंजिन बंद झाल्यावर :
“तेच तर.”

उतरताना अठरा नंबर
त्यांनी घडी घालून परत केला.