खाच

म्हापशाच्या शुक्रवारी, केळ्यांच्या रांगेमागे
माझा दगड, माझी बादली, माझं गोणपाट.
आदोळ्या येतात, मासळीच्या सुऱ्या येतात,
एका रेंदेराची कोयती दर पंधरवड्याला,
आणि इनास येतो.
त्याला धार लावायची नसते. तो नुसता बसतो.

त्याचा चाकू मिटता. अँटवर्पच्या बंदरात घेतलेला,
शिंगाची मूठ, एका अंगाने तडकलेली.
एकतीस वर्षं बोटीवर: दोरखंड, संत्री, पायाची नखं,
आणि एकदा एका पोराचा बूट,
पाय सुजून आत अडकलेला असताना.

मी म्हटलं, इनासबाब, मुठीला लागून बघ.
तांदळाएवढी जागा कधी पाजळलेलीच नाही.
दगड तिथवर जातो आणि पात्याच्या जाड खांद्यावर चढतो.
फेरीबोटीची फळी धक्क्याला टेकायला येते,
वीतभर पाणी मधे राहतंच, तसं.
बाकीचं पातं झिजतं, ती टाच झिजत नाही.
आणखी दहा वर्षांनी पोटात खळगा पडेल,
सुपारीसुद्धा नीट कातरणार नाही.

"कंपनीने केला तसा असू दे.
कंपनीला कळलं नाही, ते तुला कळलं?"

कंपनीला तो विकायचा होता, मी म्हटलं,
मला पाजळायचा आहे.

चार शुक्रवार तो दुसऱ्याच गोष्टी बोलला.
पाचव्याला चाकू गोणपाटावर ठेवला
आणि तोंड केळ्यांकडे फिरवलं.

आधी मिटून पाहिला.
टाच आत कुठं टेकते, टोक किती बुडतं.
टेकते तिथं कानस लावायची नाही,
नाहीतर टोक बाहेर डोकावेल
आणि खिशात हात घालणाऱ्याला ओळख देईल.
सुनेच्या नखरंगाने लाल रेघ ओढली,
पात्याला चिकटपट्टी गुंडाळली,
मग गोल कानस, उंदराच्या शेपटीएवढी.

विजेचं चाक आहे घरी. दोन मिनिटांचं काम.
पण ठिणग्या उडाल्या की पोलादाचं पाणी उतरतं,
आणि ते काही बादलीतलं नव्हे, पुन्हा भरायला.

पुढे ढकल. उचल. पुढे ढकल.
केळीवाली रुक्मा दोनदा विचारून गेली
हा कसला उंदीर कुरतडतोय म्हणून.
अर्ध्या मसुरीएवढी खाच पडली. थांबलो.
ओला घासकागद काडीला गुंडाळून
तिच्या कडा मऊ केल्या, खडबडीत खाच धागे धरते.

जिथं धार पोचत नव्हती तिथं ती पोचवली, असं नाही.
ती जागाच काढून टाकली.
माझ्या धंद्यात एवढंच जमतं.

मग दगडावर घेतला.
टाचेपासून टोकापर्यंत एकच आवाज, मधे न अडखळता,
आणि केळ्यांकडे बघत बसलेला इनास
आवाजानेच वळला.
"सगळी लागते आता?"
सगळी.

डावा हात हल्ली थरथरतो त्याचा, म्हणून उजव्याने
केळ्यांच्या घडाचा काथ्या ओढून धरला, कापला.
एक तंतू राहिला, नेमका खाचेत.
त्याने तो माझ्या नाकासमोर धरला,
पोर्तुगीज काळातल्या न्यायाधीशासारखा.
फुंकर मारली. गेला नाही. नखाने काढला.

पन्नास झाले, मी म्हटलं.
"पोलाद माझं तू ठेवून घेतलंस.
पैसे तू द्यायचे."

गोणपाटावर खरंच काळी भुकटी होती, चिमूटभर.
मी लोहचुंबक फिरवला, वर्तमानपत्राच्या तुकड्यात झाडली.
त्याने चाळीस दिले आणि पुडी मागून घेतली.
कशाला, ते मी विचारलं नाही.

पुडी वरच्या खिशात, चाकू खालच्या.
मिटताना मात्र तो पूर्वीसारखाच वाजला.