न मिळालेला अंक

दोंडाईच्यात, शाळेच्या जिन्याखालच्या ग्रंथालयात
संगणक आला तो ऐन मिरचीच्या हंगामात.
पहिल्या दिवशी आम्ही दोघंही नुसते शिंकत होतो,
मी आणि तो जोडायला आलेला पोरगा.
"सर, यात तीन हजार नियतकालिकं. जुने अंकसुद्धा."
पासवर्ड त्यानं खडूनं कपाटाच्या दारावर लिहिला
आणि गेला.

सव्वीस वर्षं मी अंक शिवत आलो.
बारा महिने, एक दाभण, मेणाचा दोरा, खळ.
एखादा आलाच नाही तर मध्ये निळी चिठ्ठी:
'ऑगस्ट – मिळाला नाही.'
टपालवाल्याशी भांडलो. मग भांडणही जुनं झालं.

आठवीतली तेजल गिरासे खुर्चीत बसली.
काय शोधू?
मिरची, म्हटलं. बाराशे लेख.
तिनं स्वतःहून 'बोकड्या' टाकलं. चाळीस.
मग मी हळूच म्हणालो,
तो ऑगस्ट काढून बघ.

निघाला.
पान एकसष्ट, वाचकांची पत्रं.
माझंच, चार ओळींवर छाटलेलं:
'आपले अंक आमच्या शाळेस वेळेवर मिळत नाहीत.'
खाली नाव: भा. रा. भदाणे, दौंड.

दौंड!
तिकडच्या कुण्या भदाण्यांनी
एवढी वर्षं ते कात्रण जपलंही असेल.

पान छापून घेतलं. जुना खंड उसवला.
"सर, तठे शेच ना आते,
मंग शिवतस कसाले?"

चष्मा सापडत नव्हता.
दोरा तिनंच ओवून दिला.